हाय-फाय सिस्टिमसाठी एक्स्टेन्शन बोर्ड: बडोद्याच्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर महिन्याला रेकॉर्ड ऐकायला दहा-बारा मंडळी जमतात. चहा आला की हटकून कुणीतरी विचारतं, "काका, आमच्याकडे घूं आवाज येतो, काय करू?" मग फोनवर फोटो येतात. काळवंडलेली पिन, वितळलेलं सॉकेट, रॅकमागचा वायरींचा गुंता. माझी तीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्विचगिअरच्या, म्हणजे विजेचे मोठे स्विच आणि ब्रेकर यांच्या, जोडणीवर गेली. पितळेच्या पट्ट्या, स्प्रिंगा आणि स्क्रू यांच्याशीच रोजचा संबंध असल्यामुळे बोर्ड हातात आला की मी आधी त्याचं पोट बघतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. अँप्लिफायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला तर चालणार नाही का? एक्स्टेन्शन बोर्ड लागतोच का?

दोनच उपकरणं असतील आणि भिंतीत दोन घट्ट सॉकेट असतील, तर बोर्ड घेऊच नका. मीटरपासून अँपपर्यंत जितके जोड, तितक्या ढिल्या पडायच्या जागा. पण टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र), फोनो स्टेज (त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा), सीडी प्लेअर, डॅक (डिजिटल गाणं अँपला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा डबा) आणि अँप एवढी मंडळी एका रॅकवर आली की पाच पिना होतात. तेव्हा बोर्ड लागतो, आणि सगळ्यांची वीज एकाच ठिकाणाहून घेतल्याचा एक वेगळा फायदाही मिळतो. तो प्रश्न ११ मध्ये आहे.

२. ६ अँपिअरचा बोर्ड पुरेल की १६ चा घेऊ?

६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट. घरात बसून ऐकताना ५०-५० वॅटचा साधा स्टिरिओ अँप सरासरी शंभर वॅटही खात नाही. टर्नटेबल पाच-दहा वॅट, डॅक आणि फोनो स्टेज त्याहून कमी. सगळं मिळून एक अँपिअरच्या आतच बसतं. १६ अँपिअरचं सॉकेट लागतं ते अँपची पिनच जाड, म्हणजे १६ ची असेल तेव्हा. ती पिन कापून किंवा कन्व्हर्टर लावून बारीक सॉकेटात बसवू नका. त्या एका अँपसाठी भिंतीत १६ चा वेगळा पॉइंट घ्या.

३. भार एवढा कमी आहे, तर बोर्डाच्या दर्जाची काळजी कशाला करायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे.

बोर्ड खराब होतो तो भारामुळे नव्हे, पकडीमुळे. पिन आणि सॉकेटातली पट्टी जिथे एकमेकींना टेकतात ती जागा तांदळाच्या दाण्याएवढी असते. पकड घट्ट असेल तर तिथला रोध ओहमचा काही हजारावा भागच असतो. पट्टी ढिली पडली, तिच्यावर काजळी चढली की तोच रोध दशांश ओहमवर जातो. एक अँपिअरला तिथे दशांश वॅट उष्णता होते, ती कळतही नाही. पण एखाद्या दिवशी घरातलं कुणीतरी त्याच बोर्डावर हजार वॅटची इस्त्री लावतं. सव्वाचार अँपिअर वाहायला लागले की त्या दाण्याएवढ्या जागेत जवळजवळ दोन वॅट उष्णता होते, तीही चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये कोंडलेली. पट्टी तापते, तापली की तिची स्प्रिंग मरते, स्प्रिंग मेली की पकड आणखी ढिली होते. पुढचा क्रम तुम्ही फोटोत पाहिलेला असतो.

गाणं ऐकणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. अँपच्या आतले मोठे कॅपॅसिटर वीज सलग घेत नाहीत. व्होल्टेजची लाट शिखरावर असते तेवढ्याच क्षणी ते घोट घेतात, म्हणजे सेकंदाला शंभर घोट. ढिल्या जोडावर अशा वेळी बारीक ठिणग्या पडतात. त्या स्पीकरमधून करकर, चटचट अशा ऐकू येतात, विशेषतः फोनो इनपुटवर. लोक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलतात, सुई बदलतात, आणि दोष असतो रॅकमागच्या सॉकेटात.

म्हणून माझं म्हणणं एकच: बोर्डाची पकड, आतले जोड आणि अर्थिंग एवढ्यावर पैसे खर्च करा. बाकीचं सगळं नंतर.

४. दुकानात उभ्या उभ्या चांगला बोर्ड कसा ओळखायचा?

घरातली एक चांगली थ्री पिन खिशात घालून जा. ती बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटात घाला, एका सॉकेटावर समाधान मानू नका. चांगल्या सॉकेटात पिन आत जाताना सुरुवातीला अडते, मग एकसारख्या दाबाने सरकते आणि शेवटी बसल्याचं हाताला कळतं. खराब सॉकेटात ती एकतर सुळकन जाते किंवा खरखरत, कुठेतरी घासत जाते. पिन आत असताना आडवी हलवून बघा. थोडी लवचीकता चालेल, खुळखुळ चालणार नाही. बोर्ड उलटा करून झटका दिला तर पिन पडता कामा नये. हे पाच-सहा वेळा करा आणि पहिल्या वेळची पकड सहाव्या वेळीही तशीच आहे का ते बघा.

मोबाइलचा टॉर्च सॉकेटाच्या भोकात मारा. पट्टी पिनेला दोन्ही बाजूंनी धरते की एकाच बाजूने नुसती टेकते, ते दिसतं. भोकांवर झडपा असतील तर आतलं दिसणार नाही, पण झडपा असणं लहान मुलांच्या घरात चांगलंच. मग बोर्डातून वायर जिथे बाहेर येते तिथे जोराने ओढा. वायर आत-बाहेर सरकली तर आतल्या स्क्रूंवर रोजचा ताण येणार. शेवटी स्विच दाबा. चांगला स्विच खटकन बसतो, मधल्या अवस्थेत थांबत नाही.

नुसत्या वजनावर किंवा चकचकीत डब्यावर विश्वास ठेवू नका.

५. आतल्या पट्ट्या पितळेच्या आहेत असं दुकानदार सांगतो. एवढं पुरे ना?

पितळ चांगलं वाहक आहे, पण पातळ पितळेत स्प्रिंग टिकत नाही. महिनोन्‌महिने पिन घातलेली राहिली की ते ताणून तसंच राहतं. म्हणून चांगल्या सॉकेटात पट्टी जाड असते, किंवा पितळेला बाहेरून पोलादी स्प्रिंगचा वेढा असतो, किंवा पट्टीच फॉस्फर ब्राँझची असते. फॉस्फर ब्राँझ वीज पितळेपेक्षा कमी वाहतं, पण पकड वर्षानुवर्षं सोडत नाही. इथे पकडच महत्त्वाची.

फसवणूक असते ती लोखंडी पट्टीवर पिवळा मुलामा देण्याची. फ्रिजवर लावायचा छोटा लोहचुंबक पिनेला आणि दिसत असेल तर पट्टीला लावा. पितळ आणि ब्राँझ चुंबकाला चिकटत नाहीत. बाहेरची पोलादी स्प्रिंग मात्र चिकटेल, तिच्यावरून पट्टी नापास करू नका.

शेजारच्या वहिनींनी मागे एक बोर्ड आणला होता. बाहेरून पांढराशुभ्र. चार स्क्रू काढून उघडला तर पहिल्या सॉकेटातली पट्टी कडेला निळसर-तपकिरी झालेली, आणि तिच्यापासून पुढच्या सॉकेटांना गेलेले केसासारखे बारीक वायरचे तुकडे, तेही डागाच्या (सोल्डरच्या) एका थेंबावर लटकलेले. एका तुकड्याचा डाग सुटून तो नुसता टेकून होता. त्यांच्या टेपमधून येणारी खरखर तिथून येत होती. चांगल्या बोर्डात सगळ्या सॉकेटांतून एकच सलग पट्टी जाते. उघडून बघायची सोय नसेल, म्हणजे स्क्रूऐवजी रिबिट मारलेले असतील, तर मी तो बोर्ड घेत नाही.

६. आयएसआयचा शिक्का आहे, मग डोळे मिटून घ्यावा का?

शिक्का कशावर आहे ते बघा. पिना आणि सॉकेटांचं भारतीय मानक आयएस १२९३ आहे आणि पीव्हीसी वायरचं आयएस ६९४. पुष्कळ बोर्डांच्या वायरवर ६९४ छापलेलं असतं आणि दुकानदार बोट त्याच्यावर ठेवून सांगतो, "बघा, आयएसआय आहे." ते वायरचं झालं. सॉकेटांवर १२९३ वेगळं शोधा. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि कोणत्या मालासाठीचा, ते समोर येतं. दुकानातच दोन मिनिटांत होतं.

आपल्या गावात मकरपुऱ्याला १९७४ पासून एरडा आहे, म्हणजे इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन. विजेच्या मालाची तपासणी करणारी ही संस्था इथे आहे याचा मला बडोदेकर म्हणून अभिमान वाटतो. अशा प्रयोगशाळांत सॉकेटात पिन हजारो वेळा घालून-काढून बघतात, लालभडक तापवलेली तार प्लास्टिकला लावून ते पेट घेतं का ते बघतात. शिक्का खरा असेल तर त्याच्यामागे एवढं सगळं असतं.

७. वायर किती जाडीची हवी? लांबी किती?

ऐकण्याच्या सिस्टिमला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन कोअरची वायर घ्या आणि लांबी गरजेपुरती, दीड ते तीन मीटर. ०.७५ ची वायर या भारासाठी धोक्याची नाही. पाच मीटरच्या ०.७५ वायरीत जाऊन-येऊन सुमारे पाव ओहम रोध असतो, एका अँपिअरला पाव व्होल्ट पडतो, अँपला त्याचा पत्ताही लागत नाही. पण प्रश्न ३ मधली इस्त्री आठवा. शिवाय जाड वायरीचं आवरणही दणकट असतं, रॅकच्या पायाखाली चिमटली तरी टिकतं.

तांबं खरं आहे का ते टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि स्क्रूखाली ते हळूहळू दबत जाऊन ढिलं पडतं. उरलेली वायर वेटोळं करून रॅकमागे कोंबू नका, वेटोळ्यात उष्णता साठते.

८. कुठलीही पिन बसते असं "युनिव्हर्सल" सॉकेट सोयीचं नाही का?

सोयीचं आहे, पण घेऊ नका. जे भोक गोल, चपटी, जाड, बारीक अशा सगळ्या पिना घेतं, ते एकीलाही नीट धरत नाही. पट्टी कडेला कुठेतरी एका रेषेत टेकते. प्रवासात मोबाइल चार्ज करायला ठीक आहे. वर्षभर चालू राहणाऱ्या अँपला नाही.

९. माझ्या सीडी प्लेअरची दोन बारीक पिनांची वायर बोर्डात हलते. काय करू?

युरोपियन धाटणीची बारीक पिन ४ मिलिमीटर जाड असते आणि आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटाची भोकं सुमारे ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेली असतात. ती हलणारच. पिनेवर कागद किंवा फॉइल गुंडाळू नका. वायर मागून निघणारी असेल तर त्याच मापाची, आपल्याकडची पूर्ण जाडीची पिन असलेली वायर मिळते. निघत नसेल तर टोकाची पिन कापून चांगल्या कंपनीचा टॉप (थ्री पिन प्लग) लावून घ्या. उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थची गरज नाही. टॉपमधली अर्थची पिन रिकामी राहील, पण तिच्यामुळे टॉप घट्ट बसेल.

१०. आमचं घर जुन्या वाड्यात आहे, अर्थिंगच नाही. चांगला बोर्ड घेतला तर भागेल?

भागणार नाही. बोर्डाचं तिसरं भोक अर्थ देत नाही. भिंतीतून आलेला अर्थ ते फक्त पुढे पोचवतं. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या कितीतरी जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून दोनच वायरी फिरतात. तिथे आधी खड्डा घेऊन अर्थिंग करा, तिथून हिरवी वायर निदान सिस्टिमच्या पॉइंटपर्यंत आणा, मग बोर्ड बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही वायरमन अर्थ नसलेल्या सॉकेटात न्यूट्रलचा एक तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून देतात. टेस्टरने सगळं बरोबर दिसतं. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, की अँपची धातूची पेटी त्या तुकड्यातून २३० व्होल्टवर येते आणि तुमचा हात व्हॉल्यूमच्या बटणावर असतो. घरात असं केलेलं असेल तर आजच काढून टाका.

अर्थ तपासताना मल्टिमीटर फसवतो, कारण तो जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. सडलेला अर्थही त्याच्यावर पूर्ण २३० दाखवू शकतो. माहीतगार वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब लावून बघा. नेहमीइतका लखलखीत पेटला तर अर्थ काम करतोय, मंद पेटला तर नाही. घरात आरसीसीबी (अर्थमध्ये वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, आणि ते योग्यच आहे.

११. स्पीकरमधून सतत घूं आवाज येतो. बोर्ड बदलून जाईल का?

आधी कान लावा. आवाज स्पीकरमधून येतोय की अँपच्या डब्यातून? डब्यातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा अंगचा आवाज आहे, बोर्ड बदलून जाणार नाही.

स्पीकरमधून येत असेल तर अँपची सगळी इनपुटं काढा आणि व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा. शांत झालं तर अँप ठीक आहे. आता एकेक वायर परत लावा. जिच्यामुळे आवाज परत आला तिथे दोष. बहुतेक वेळा गोष्ट अशी असते: अँपला अर्थ एका भिंतीतून मिळतोय, कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला दुसऱ्या भिंतीतून, आणि दोन्ही अर्थ तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यातला काही मिलिव्होल्टचा फरक सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून वाहतो आणि तुम्हाला ५० हर्ट्‌झचा घुमारा ऐकू येतो. इथे एक चांगला बोर्ड खरंच मदत करतो. सिस्टिमची सगळी उपकरणं त्याच एका बोर्डावर आणा. त्यांचे अर्थ एकाच पट्टीवर वीतभर अंतरात भेटले की तो फरक नाहीसा होतो. मात्र बोर्डातली अर्थची पट्टीही सलग हवी, डागाच्या थेंबांवर लटकलेली नको.

तरीही राहिला तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, ती स्वतःचा अर्थ घेऊन घरात येते. टर्नटेबलची वेगळी बारीक अर्थची वायर फोनोच्या स्क्रूला घट्ट आहे ना, तेही बघा. आणि कार्ट्रिजच्या जवळ अँपचा ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टरांनी भरलेला बोर्ड ठेवू नका, दोन-तीन फूट लांब सरकवा.

आमच्याकडे तपासणीसाठी फैयाझ खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावतात. आपल्या बडोद्याच्या दरबारचे गवई. आलापात ते स्वर सोडून क्षणभर थांबतात, त्या थांबण्यात रेकॉर्डची खरखर तेवढी राहायला हवी. तिच्याखाली घूं ऐकू आलं तर काम बाकी आहे.

१२. मित्र म्हणतो अर्थची पिन काढून टाक, आवाज जाईल. खरं आहे?

आवाज जाईल, आणि जीवही जाऊ शकेल. धातूच्या पेटीच्या अँपमध्ये आत एखादी वायर सुटून पेटीला लागली तर अर्थमुळेच फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर पेटी तशीच भारलेली राहते. अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब केलेली असते ती याचसाठी, की ती सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी. घुमारा काढायचे मार्ग प्रश्न ११ मध्ये आहेत, तेवढेच वापरा.

१३. आरसीए वायरीच्या (उपकरणांमधल्या सिग्नलच्या वायरीच्या) टोकाला हात लागला की मुंग्या येतात. बोर्ड खराब आहे?

बहुधा नाही. दोन पिनांच्या उपकरणांत आतल्या फिल्टरच्या कॅपॅसिटरमधून अगदी थोडी वीज पेटीवर झिरपते. मिलिअँपिअरहूनही कमी असते, तरी ओलसर हाताला कळते. सिस्टिममधलं एकही उपकरण अर्थला जोडलेलं नसेल तर असं होतं. एका अर्थ असलेल्या अँपला सगळं जोडलं की मुंग्या थांबतात. मात्र तीन पिनांच्या उपकरणाला हात लावून झटका बसत असेल तर ते बंद करा आणि प्रश्न १० वाचा.

१४. स्पाइक गार्ड घेऊ का साधा बोर्ड?

स्पाइक गार्डमध्ये मुख्य चीज असते एमओव्ही, बटणाएवढी गोल चकती. व्होल्टेज मर्यादेबाहेर उसळलं की ती क्षणभर वाहायला लागते आणि उसळी स्वतः पिते. प्रत्येक उसळीने ती थोडी झिजते. काही वर्षांनी ती संपते आणि बोर्ड मात्र नेहमीसारखा चालत राहतो. म्हणून संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा असलेला बोर्ड घ्या.

बोर्ड उघडता आला तर चकतीवरचा आकडा वाचा. ४३१ लिहिलेली चकती २७५ व्होल्टच्या वापरासाठी असते, ५११ लिहिलेली ३२० साठी. आपल्याकडे रात्री भार कमी झाला की व्होल्टेज चढतं, म्हणून मला ५११ बरी वाटते. चकतीला चिकटून थर्मल फ्यूज हवाच. त्याशिवायची चकती निकामी होताना बोर्डाला आग लावू शकते. चकत्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांत असतील तर उत्तम, पण त्यातल्या दोन अर्थशिवाय निरुपयोगी आहेत. पकड ढिली असलेला स्पाइक गार्ड आणि पकड घट्ट असलेला साधा बोर्ड यांत मी साधा घेईन.

१५. वीज कडाडत असताना स्पाइक गार्ड पुरेसा आहे का?

नाही. पिन काढा. केबलची आणि इंटरनेटची वायरही काढा, वीज तिथूनही येते. थ्री-फेज घरात न्यूट्रल ढिला झाला तर सिंगल फेजच्या सॉकेटात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि तेही सलग. तिथे चकती काही क्षणांत जळते. त्यासाठी मीटरजवळ जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवतात.

१६. परदेशी ऑडिओफाइल बोर्डाने आवाज खरंच सुधारतो का?

अँपमध्ये आलेली वीज आधी ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग तिची डीसी होते, मग ती कॅपॅसिटरमध्ये साठते. गाणं त्या साठ्यातून निघतं. त्या बोर्डात सोन्याचा मुलामा आहे की नाही हे साठ्याला कळत नाही. ढिल्या, ठिणग्या टाकणाऱ्या बोर्डावरून घट्ट बोर्डावर आलात तर करकर जाईल आणि फरक नक्की ऐकू येईल. एका घट्ट बोर्डावरून दहापट महाग घट्ट बोर्डावर गेलात तर मला तरी आजवर एकदाही ऐकू आलेला नाही. आम्ही डोळ्यांआड बोर्ड बदलून ऐकलं आहे. तेवढ्या पैशांत कार्ट्रिज चांगलं घ्या.

१७. वायरमनकडून बोर्ड बनवून घेतला तर?

माझ्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे, सामान तुम्ही निवडलंत आणि समोर बसलात तर. चांगल्या कंपनीची मॉड्यूलर किंवा साधी ६ अँपिअरची सॉकेटं, १.५ ची वायर, जाड प्लास्टिकची पेटी. पेटी धातूची असेल तर तिलाही अर्थ जोडायला लावा.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली: वायरीच्या टोकाला डाग देऊन ते टोक स्क्रूखाली कसू देऊ नका. वाटतं की डागामुळे जोड पक्का होतो. उलट, डागाचा धातू मऊ असतो, दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला होतो. टोकाला तांब्याची लग (छोटी टोपी) दाबून बसवा, किंवा तारा नुसत्या पिळून दुमडून घाला. दुसरी: सॉकेटाकडे समोरून बघताना अर्थ वर असेल तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे यायला हवा. उलट झालं तर बोर्डाचा स्विच न्यूट्रल तोडतो आणि बंद केलेल्या अँपमध्ये फेज तसाच राहतो. सगळं झाल्यावर महिन्याभराने पिन काढून स्क्रू पुन्हा एकदा कसून घ्या. तांबं पहिल्या महिन्यात थोडं बसतं.

१८. एका बोर्डाला दुसरा बोर्ड जोडला तर?

जोडू नका. कारण प्रश्न १ आणि ३ मध्ये आहे. सॉकेटं कमी पडत असतील तर जास्त सॉकेटांचा एकच बोर्ड घ्या.

१९. अमेरिकेहून भावाने अँप आणि टर्नटेबल आणलं. कन्व्हर्टर पिन लावून बोर्डात घालू?

बडोद्यात घरोघरी कुणीतरी तिकडे असतं, त्यामुळे हा प्रश्न दर दिवाळीला येतो. कन्व्हर्टर पिन फक्त पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. १२० व्होल्टचा अँप २३० वर लावलात तर पहिल्याच मिनिटाला धूर. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. १२० च असेल तर पुरेशा वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो बोर्डाच्या आधी नाही तर बोर्डानंतर, त्या एकाच उपकरणासाठी ठेवा. त्याच्या पलीकडच्या १२० च्या सॉकेटावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

टर्नटेबलची आणखी एक अडचण असते. जुन्या टर्नटेबलांत मोटर विजेच्या लाटेच्या तालावर फिरते. तिकडे ६० हर्ट्‌झ, इकडे ५०. ट्रान्सफॉर्मर हे बदलत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड २८ च्याही खाली येते आणि गवई झोपेत गातोय असं वाटतं. त्यासाठी मोटरची पुली ५० हर्ट्‌झची बदलून मिळते का ते बघावं लागतं. डीसी मोटरच्या टर्नटेबलला हा त्रास नाही.

२०. बोर्ड चालू केला की आरसीसीबी पडतो. बोर्ड परत करू?

थांबा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. अडॅप्टर, कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडी थोडी वीज अर्थमध्ये जाते आणि बेरीज वाढते. सगळे स्विच बंद करून रिकामा बोर्ड लावा. रिकामा असतानाही पडला तर बोर्डात ओल आहे, म्हातारी एमओव्ही गळतेय किंवा न्यूट्रल-अर्थ कुठेतरी एकमेकांना लागलेत. रिकामा टिकला, पण पहिलं कुठलंही उपकरण लावताच पडला, तर वायरमनने न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल केलेली असण्याची शक्यता मोठी. एकेक उपकरण वाढवत नेल्यावर शेवटी पडत असेल तर गळतीची बेरीज आहे, काही उपकरणं दुसऱ्या सर्किटवर न्या. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही.

२१. बोर्ड कधी बदलायचा?

पिन ढिली जाते, पिनेवर काळा डाग आहे, सॉकेटाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलंय, यातलं काहीही दिसलं की. तासभर वापरल्यावर पिन काढून हात लावा, कोमट लागली तरी त्या सॉकेटाचं वय झालं. घरात कुणी मासे आणलेले नसताना माशासारखा वास आला तर लगेच मेन स्विच बंद करून बोर्ड तपासा. काही प्लास्टिकं तापली की असाच वास सोडतात.

२२. पावसाळ्यात बोर्डात मुंग्या होतात, आणि पुरात भिजलेला बोर्ड वाळवून वापरता येतो का?

मुंग्यांसाठी बोर्ड जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर फूटभर उंच लावा, न वापरातल्या भोकांना प्लास्टिकची बुचं लावा. आत फवारा मारू नका.

भिजलेल्या बोर्डाचं उत्तर मला ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालं. विश्वामित्री चढली तेव्हा मेहुण्याच्या नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. अँप आम्ही वेळेत माडीवर नेला, बोर्ड भिंतीवरच राहिला. पाणी उतरल्यावर त्याने तो चार दिवस उन्हात वाळवला, चांगला कोरडा दिसत होता. मी उघडला. पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर, स्प्रिंगांना गंज, आणि फेज-न्यूट्रलच्या मधल्या प्लास्टिकवर नदीच्या गाळाची एक बारीक वाळलेली रेघ. पुढच्या पावसाळ्यात हवेत ओल आली की तीच रेघ वीज वाहायला लागली असती. पुराच्या पाण्यात बुडालेला बोर्ड, त्याची वायर आणि टॉप, तिन्ही टाका. आणि टाकताना वायर मुळाशी कापा, म्हणजे कुणी भंगारातून उचलून तो पुन्हा भिंतीला लावणार नाही.